दारावरचा क्रमांक आणि पत्र्याखालची गाडी

जुन्या ऑस्ट्रेलियन टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या मॉडेलांवर बेतलेल्या गाड्यांच्या, शर्यतींच्या शौकिनांत एक प्रश्न हमखास फसवतो: १९८३ ची बाथर्स्ट १००० ही शर्यत कोणत्या गाडीने जिंकली? 'ब्रॉकची ०५', म्हणजे चालक पीटर ब्रॉकची ०५ क्रमांकाची गाडी, हे उत्तर जिभेवर तयार असते. ते चूक आहे. ०५ क्रमांकाच्या होल्डन कमोडोरचे इंजिन सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच गेले. त्या वेळच्या नियमांत एका संघाच्या चालकांना दुसऱ्या गाडीत बसता येत होते. म्हणून पीटर ब्रॉक आणि लॅरी पर्किन्स संघाच्या दुसऱ्या गाडीत, जॉन हार्वीच्या २५ क्रमांकाच्या कमोडोरमध्ये बसले आणि जिंकले. त्या गाडीत बसायचे ठरलेला फिल ब्रॉक, म्हणजे पीटरचा सख्खा भाऊ, पिटमध्येच राहिला. खरी गंमत पुढे आहे. ही २५ क्रमांकाची गाडी आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, ०५ क्रमांक लावून जिंकलेलीच गाडी होती. दारावरचा आकडा बदलला, पत्रा तोच राहिला. २०१८ मध्ये ती २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली.

अशा तपशिलांना 'ट्रिव्हिया' म्हणून बाजूला सारायची सवय आहे. पण ज्या बाजारात एका गाडीला लाखो डॉलर पडतात, तिथे हा तपशीलच गाडीचा सातबारा असतो. म्हणून आमचे म्हणणे असे: ऑस्ट्रेलियातल्या जुन्या टूरिंग गाड्या काचेमागे न ठेवता पळवाव्यात, हुबेहूब नकलांनाही नक्कल म्हणून उघडपणे पळू द्यावे, आणि प्रत्येक गाडीची लॉगबुके, तपासणीच्या नोंदी व छायाचित्रे कोणालाही पाहता येतील अशी सार्वजनिक करावीत. आज हे कागद मालकाच्या कपाटात किंवा संघटनेच्या फायलीत असतात. गाडी विकली की कागद तिच्याबरोबर जातात, आणि कधी कधी जात नाहीत.

ही गुंतागुंत नियमांतूनच जन्मली. १९६० मध्ये फिलिप आयलंडवर पहिली आर्मस्ट्राँग ५०० झाली, तेव्हा अट साधी होती: शोरूममध्ये मिळते तशी गाडी आणा आणि ५०० मैल पळवा. सगळ्यांत पुढे राहिली ती जॉन रॉक्सबर्ग आणि फ्रँक कोडची व्हॉक्सहॉल क्रेस्टा, पण तेव्हा मान गटवार होता, एकूण विजेत्याला फारसा नव्हता. तिथला रस्ता उखडल्यामुळे १९६३ पासून शर्यत बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमावर आली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १७४ मीटर चढणारा हा एरवीचा सार्वजनिक रस्ता आहे. १९६६ मध्ये राउनो आल्टोनेन आणि बॉब होल्डन यांची मिनी कूपर एस जिंकली आणि पहिल्या नऊही जागा मिनींनी घेतल्या. पुढच्याच वर्षी फोर्डची व्ही-८ फाल्कन जीटी आली आणि छोट्या गाड्यांचे दिवस सरले.

या 'सीरीज प्रॉडक्शन' काळातल्या गाडीची ओळख पटवणे वरवर सोपे वाटते. कारखान्याचा क्रमांक आहे, नोंदणी आहे. पण शर्यत संपली की यांतल्या बऱ्याच गाड्या वापरलेली गाडी म्हणून विकल्या जात. कोणी ती कामावर न्यायला वापरली, कोणी झाडावर आदळली, कोणी इंजिन काढून बोटीत बसवले. फाल्कन जीटीएचओ फेज थ्री जेमतेम ३०० बनल्या. ५.८ लिटरचे ३५१ क्लीव्हलँड इंजिन आणि डिक्कीत ३६ गॅलनची, म्हणजे सुमारे १६४ लिटरची टाकी. आज यातली रस्त्यावर चाललेली गाडीही दहा लाख डॉलरच्या पुढे जाते. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ठाऊक असलेल्या जेफ थॉमसनकडे एके काळी असलेली फेज थ्री २०१८ मध्ये १०.३ लाख डॉलरला गेली. गोलंदाजाचे नाव किमतीत किती आणि गाडी किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग आला १९७२ चा गदारोळ. २५ जूनच्या रविवारी सिडनीच्या 'सन-हेरल्ड'मध्ये इव्हान ग्रीन यांची बातमी पहिल्या पानावर आली: ताशी १६० मैलांच्या गाड्या लवकरच रस्त्यावर. न्यू साउथ वेल्सचे वाहतूक मंत्री मिल्टन मॉरिस यांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत कंपन्यांनी माघार घेतली. होल्डनची व्ही-८ टोराना आणि फोर्डची फेज फोर दोन्ही गुंडाळल्या गेल्या. फेज फोरच्या चारच गाड्या बनल्या होत्या. या प्रकरणाला 'सुपरकारची भीती' म्हणतात आणि शौकीन अजून दात-ओठ खातात. आमच्या मते त्यात मंत्र्यांचे फार चुकले नव्हते. शर्यतीसाठी लागणारी ताकद गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, ही पद्धत कधी तरी संपायलाच हवी होती. १९७३ पासून ग्रुप सी आला. गाडी रस्त्याचीच, पण शर्यतीसाठीचे बदल संघाने गॅरेजात करायचे. शर्यतही ५०० मैलांवरून १००० किलोमीटरची झाली, १३० फेऱ्यांच्या १६३ झाल्या, आणि एकट्याने शेवटपर्यंत चालवायला बंदी आली. १९७० आणि १९७१ ला ॲलन मोफॅट आणि १९७२ ला ब्रॉक एकट्याने चालवून जिंकले, ते म्हणून शेवटचे.

ओळखीचा घोळ इथून वाढला. जीपला वेगळी चासी असते. बॉडी बदलली तरी चासीचा क्रमांक राहतो. टोराना, फाल्कन, कमोडोर यांना तशी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. शर्यतीत बॉडी वाकली की ती बदलायची, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, पेडल, सीट असे सगळे नव्या बॉडीत चढवायचे. काही संघ कंपनीकडून नुसती रिकामी बॉडीच आणत. अशा बॉडीवर रस्त्यावरच्या गाडीसारखा क्रमांक असायचे कारणच नसे. मग १९७७ ची टोराना ए९एक्स म्हणून आज जी समोर उभी आहे, ती कोणती?

याचे टोकाचे उदाहरण त्याच १९८३ सालचे. शनिवारी हार्डीज हीरोज या एकेका गाडीच्या वेळ-फेरीत डिक जॉन्सनची हिरवी फाल्कन एक्सई फॉरेस्ट्स एल्बोच्या वळणावर भिंतीला घासून झाडांत घुसली. बॉडी संपली. संघाने अँड्र्यू हॅरिस या खासगी स्पर्धकाची फाल्कन घेतली, रात्रभर जुन्या गाडीचे वाचलेले भाग तिच्यात चढवले, हिरवा रंग मारला, जाहिरातींची अक्षरे रंगवली आणि रविवारी सकाळी गाडी रांगेत उभी केली. शर्यत ती पुरी करू शकली नाही, पण गोष्ट अमर झाली. आता 'डिक जॉन्सनची ८३ ची फाल्कन' म्हणजे शनिवारची की रविवारची? आमचे उत्तर ठाम आहे. ज्या गाड्यांत बॉडी हाच सांगाडा, तिथे ओळख बॉडीबरोबर जाते. इंजिन म्हणजे सुटा भाग. ते एका मोसमात तीनदा बदलते. इंजिनावरून गाडीचे नाव ठरवणे म्हणजे ताकाच्या भांड्यावरून म्हैस ओळखणे.

बॉडी खरी की खोटी हे कळते कसे? क्रमांकाच्या पट्टीवर विसंबू नये. ती चार रिव्हेटांची वस्तू. एका बॉडीवरून काढून दुसरीवर ठोकायला दहा मिनिटे पुरतात. बोलतात ती भोके. रोल केजचे, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याचे, पाय गाडीच्या तळाला जिथे टेकतात तिथले बोल्ट, रेडिओच्या वायरीसाठी फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि चालक यांमधल्या पत्र्यात, पाडलेले भोक, अग्निशामकाची पट्टी, मोठ्या टाकीसाठी डिक्कीत कापलेला पत्रा. संघ बदलला की नवी भोके पडतात आणि जुनी वेल्डिंगने बुजवली जातात. बुजवलेले भोक वरून दिसत नाही. दिवा पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की सावलीत उठून दिसते. पत्र्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवले तरी लागते. ही भोके जुन्या छायाचित्रांशी जुळवायची. छायाचित्र चकचकीत पुढच्या बाजूचे नको, बॉनेट उघडलेले आणि चाक काढलेले हवे.

दुसरा पुरावा रंगाचा. गाडीने चार मोसमांत चार प्रायोजक पाहिले असतील तर पत्र्यावर चार रंग थरांनी बसलेले असतात. डॅशबोर्डच्या मागे, डिक्कीच्या झाकणाच्या आत किंवा मागच्या दिव्याखाली नखाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने तिरकी घासली, की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. पांढरा, लाल, पिवळा, पुन्हा पांढरा हा क्रम संघाच्या इतिहासाशी जुळला तर बनावट करणाऱ्याचे काम कठीण होते. आणि इथेच पुनरुज्जीवनाच्या नावाखाली सर्वांत मोठी हानी होते. गाडी हातात आली की पहिल्याच दिवशी बॉडी ॲसिडच्या टाकीत बुडवून कोरी करायची. गंज जातो, पुरावाही जातो. खालच्या जोडांत अडकलेले ॲसिड नीट उदासीन केले नाही, तर दोन वर्षांत नवा रंग फुगून निघतो तो वेगळाच. आमचा आग्रह आहे की निदान १० बाय १० सेंटिमीटरचा एक तुकडा न दिसणाऱ्या जागी जसाच्या तसा सोडावा आणि तो कुठे आहे याची नोंद करावी.

आता नकलांकडे. ऑस्ट्रेलियात जुन्या टूरिंग गाड्यांचे दोन कारभार आहेत. १९७२ पर्यंतच्या गाड्यांचा ग्रुप एन. त्यात गाडीने स्वतः त्या काळी शर्यत केलेली असावी अशी अट नाही. ते मॉडेल त्या काळी पळाले पाहिजे आणि गाडी त्याच तांत्रिक चौकटीत बांधलेली असली पाहिजे. दुसरीकडे १९७३ ते १९८४ च्या ग्रुप सी आणि पुढच्या ग्रुप ए गाड्यांचा हेरिटेज वर्ग. तिथे इतिहास असलेली खरी गाडीच हवी, तीही तिच्या काळच्या रंगात. वरवर पाहता दुसरा नियम जास्त सच्चा वाटतो. पण दोन्ही एकमेकांची गरज भागवतात. ग्रुप एनमुळे लोक इंजिने बांधायला शिकतात, सुट्या भागांचा बाजार टिकतो, आणि अपघातात एखादी मिनी किंवा ईएच होल्डन गेली तर इतिहास जात नाही. हेरिटेज वर्गाच्या दारावर मात्र पहारा हवा, कारण तिथे खऱ्याच्या नावावर पैसा फिरतो. नकलेत पाप नाही. पाप आहे ते नक्कल तिसऱ्या विक्रीनंतर 'खरी' होण्यात. ते रोखायला बंदी उपयोगाची नाही, उघडी नोंद उपयोगाची.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांना २०२१ चा केंद्रीय नियम माहीत असेल: ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल नसलेली गाडी ती व्हिंटेज. रस्त्यावरच्या गाडीला ही व्याख्या ठीक आहे. शर्यतीच्या गाडीला ती लावली तर एकही पास होणार नाही, कारण फेरबदल हाच तिचा मूळ स्वभाव.

पळवायच्या कशाला, संग्रहालयात ठेवा, असे म्हणणाऱ्यांना एक गैरसमज असतो की उभी गाडी झिजत नाही. उभी गाडी वेगळ्या तऱ्हेने मरते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते आणि मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे पडतात. पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. ऑइल सील सुकून तडकतात. काही व्हॉल्व उघडे राहतात आणि त्यांच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षे दबलेल्या राहतात. बेअरिंगांवरचा ऑइलचा पापुद्रा ओघळून जातो. मग एखाद्या सोहळ्यासाठी कोणी तरी नवी बॅटरी लावून स्टार्टर मारतो, आणि पहिल्या दहा सेकंदांत क्रँकचे बेअरिंग खरवडले जाते.

क्लीव्हलँड इंजिनात तर ही चूक महाग पडते, कारण त्यात पंपाचे ऑइल आधी टॅपेटांच्या वाटेने जाते आणि मेन बेअरिंगांना मागाहून मिळते. बरीच वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला जागे करायची रीत अशी: जुने ऑइल आणि फिल्टर बदला. आठही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडकले तर जोर करू नका. मग रोटरची दिशा खूण करून डिस्ट्रिब्युटर काढा. खाली षटकोनी शाफ्ट दिसेल, तो ऑइल पंपाला फिरवतो. त्यावर लांब सॉकेट बसवून ड्रिल उलट्या दिशेने फिरवा. ड्रिल एकदम जड होते तेव्हा ऑइल भरले असे समजावे. काट्यावर दाब स्थिर दिसेपर्यंत थांबा, क्रँक पाव फेरा पुढे सरकवा, पुन्हा फिरवा. दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. सॉकेट टेपने घट्ट केले नाही तर ते सुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पडते. आणि डिस्ट्रिब्युटर ओढताना शाफ्टवरची अडकण तुटलेली असली तर शाफ्टच वर येऊन आत पडतो. दोन्हींचा इलाज एकच, चेंबर उतरवणे. शर्यतीच्या क्लीव्हलँडला टॅपेटांकडचा प्रवाह कमी करणारे रिस्ट्रिक्टर आणि आडभिंती घातलेले मोठे चेंबर लागतेच. नाही तर लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढते, पंप हवा ओढतो आणि सरळ रस्ता यायच्या आत बेअरिंग जाते.

पळवायच्या म्हणजे जशाच्या तशा पळवायच्या, असेही नाही. 'सगळे मूळचेच हवे' म्हणणारे शुद्धतावादी इथे अडतात. शिशाचे पेट्रोल ऑस्ट्रेलियात २००२ पासून बंद आहे. जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व सीट बसवल्या नाहीत तर एक्झॉस्ट व्हॉल्व सीटमध्ये रुतत जातात आणि टॅपेटचे अंतर मिटते. ॲस्बेस्टॉसवर २००३ च्या अखेरीस पूर्ण बंदी आली, म्हणजे त्या काळचे ब्रेक लाइनर आणि गॅस्केट मूळ डब्यात सापडले तरी वापरता येत नाहीत. मॅग्नेशियमच्या चाकांना वय असते. टायर काढून भेगांची तपासणी करून घेतल्याशिवाय ती गाडीला लावू नयेत. स्टब एक्सल आणि मागचे एक्सल यांची चुंबकीय कणांची तपासणीही तशीच. टायर मात्र आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. आजचा चिकट रबर जुन्या गाडीला दिला की वेळ दोन-तीन सेकंदांनी कमी होते, आणि तो सगळा जोर सहा इंची चाकासाठी बनवलेल्या स्टडांवर आणि बेअरिंगांवर येतो. चाक निखळून पळाले की दोष गाडीच्या वयाला देतात. दोष रबराचा असतो. टायरवर कडक बंधन हा जुन्या गाड्या जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नोंदी उघड्या करण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: भोकांची जागा, रंगांचा क्रम, केजची वेल्डिंग सगळ्यांना दिसली तर नक्कल करणारे तेच उतरवतील. खरे आहे, पण ते आजही उतरवतात, कारण छायाचित्रे खासगीत फिरतातच. फक्त ग्राहकाला ती दिसत नाहीत. त्यावर तोड अशी की प्रत्येक गाडीच्या पाच-सहा खुणा तपासनीसाने मोहोरबंद ठेवाव्यात आणि बाकी सर्व उघडे करावे. पहिला दावा नोंदला गेला की दुसऱ्याला तीच ओळख सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप मालकांचा: उद्या नोंदीत 'बॉडी १९७९ मध्ये बदलली' असे निघाले तर किंमत निम्मी होईल. होऊ द्या. मालकांची नावे झाका, पत्ते झाका; गाडीचे चरित्र झाकायचा हक्क कोणाला नसावा. बॉब मॉरिस आणि जॉन फिट्झपॅट्रिक १९७६ मध्ये मागून धूर सोडत, गळत्या एक्सलने शेवटच्या फेऱ्या रेटून जिंकले. त्या टोरानाचे डाग हाच तिचा मान आहे.

आठवणींवर विसंबून भागत नाही, कारण आठवण मोठे ठेवते आणि बारीक टाकते. १९७९ ला ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स सहा फेऱ्यांनी जिंकले आणि ब्रॉकने अगदी शेवटच्या फेरीत विक्रम केला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती वेळ १९८७ नंतरच्या वेळांशी ताडून बघणारेही भेटतात. १९८६ मध्ये कॉनरॉड स्ट्रेटवर माइक बर्गमन गेले, म्हणून पुढच्या वर्षी तिथे चेस हे वळण घातले गेले. फेरी ६.१७२ वरून ६.२१३ किलोमीटर झाली आणि १६३ फेऱ्यांऐवजी १६१ पुरू लागल्या. रस्ताच वेगळा, मग तुलना कसली?

ट्रॅकही नाहीसे होतात. अमारू पार्क १९९८ मध्ये बंद झाले, ओरान पार्क २०१० मध्ये; आता तिथे घरे आहेत आणि ओरान पार्कच्या एका रस्त्याला पीटर ब्रॉकचे नाव आहे. कटूंबाच्या कॅटलिना पार्कची गोष्ट तेवढी गोड नाही. तिथल्या शर्यती शौकिनांच्या यादीत असतात. ज्या दरीत तो ट्रॅक होता तिथे राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना १९५७ मध्ये त्यासाठीच हुसकावले गेले, हे त्या यादीत क्वचित येते. २००२ मध्ये ती दरी, म्हणजे 'द गली', अधिकृतपणे आदिवासी स्थळ म्हणून घोषित झाली. गाड्यांची नोंद उघडी करायची तर ट्रॅकचीही करावी, या ओळींसकट.

नोंद लिहायची कशी, याचा नमुना जॉन्सनच्या फाल्कनवरून देता येईल. बॉडी पहिली: १९८३, बाथर्स्ट, शनिवार, फॉरेस्ट्स एल्बो, नष्ट. बॉडी दुसरी: आधीचा स्पर्धक अँड्र्यू हॅरिस, शनिवारी रात्री डिक जॉन्सनच्या संघाकडे, पहिल्या बॉडीचे भाग चढवले, रविवारी सुरुवात केली, शर्यत अपुरी. आणि त्याखाली एक रिकामी ओळ, पुढच्या वेळी बॉडी बदलेल तेव्हासाठी.